वाचलेला वेळ कोणाचा?

पिठाची गिरणी आली आणि घरातले जाते थांबले. यंत्रयुगाने आपल्या स्त्रियांच्या जीवनात जे बदल केले, त्यांत हा बदल आम्हांस आगगाडीहूनही मोठा वाटतो. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. तेथून या नगरात येऊन स्थिरावलेल्या कित्येक कुटुंबांतील आज्या-पणज्यांचा दिवस पहाटेच्या अंधारात जात्यापाशी सुरू होत असे. कष्ट अतोनात, पण मनातले बोलण्याची सासुरवाशिणीची तीच एक वेळ. गी पॉइत्वाँ व हेमा राईरकर यांनी पुढे जात्यावरच्या ओव्या संकलित केल्या, त्या लाखाहून अधिक भरल्या! म्हणून कोणी जाते पुन्हा मांडावे असे नव्हे. त्याचे गोडवे गाणारे बहुधा ते कधी न ओढलेले पुरुषच असतात.

प्रश्न निराळा आहे. यंत्राने जो वेळ वाचविला, तो गेला कोठे?

काही स्त्रिया कारखान्यात गेल्या. मुंबईच्या कापडगिरण्यांत वाइंडिंग व रीलिंग ही खाती मुख्यतः त्यांचीच. बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात आले तेव्हा, १९२८ साली, डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. १९२९ साली कायदा झाला. पुढे यंत्रे सुधारली, या भत्त्याचा खर्चही मालकांस जड वाटू लागला, आणि त्या खात्यांतील स्त्रिया घटत गेल्या. ज्या मातृत्वाची आपण व्यासपीठावरून पूजा करतो, त्याची किंमत हिशेबाच्या वहीत अशी मांडली गेली.

काहींच्या घरी कारखानाच आला. तेलंगणातून विणकामासाठी सोलापुरास गेलेल्या पद्मशाली कुटुंबांतील स्त्रिया पाने व तंबाखू घरी आणून विड्या वळीत. मजुरी हजार विड्यांमागे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने अशा स्त्रीसही कामगार मानले. मात्र सूप खाली ठेवून ती भाकरी थापावयास उठली की त्या घटकेपुरती ती कामगार उरत नसे. हात तेच, घर तेच. मग श्रमाचे श्रमपण पैशाने ठरते काय? आमच्या मते हा केवळ अर्थशास्त्राचा प्रश्न नव्हे, न्यायाचा आहे.

सरकारी पाहणीनुसार २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाकाठी २९९ मिनिटे जात; २०२४ साली २८९. घरकामास हात लावणाऱ्या पुरुषांचीही ९७ वरून ८८ वर आली. मिक्सर, गॅस, धुलाईयंत्र एवढे येऊनही पाच वर्षांत तिची वाचली ती दहा मिनिटे.

जनाबाईच्या जात्याचा खुंटा प्रत्यक्ष पांडुरंगाने धरला, ही कथा आपण भक्तीने ऐकतो. तिचे दळण हे हलके काम, असे त्यास वाटले नाही. आमच्या घरांतून त्या कथेवर डोळे पाणावतात आणि उष्टी ताटे जागीच राहतात. येत्या महाप्रसादास शेवटच्या पंगतीला कोण बसते, तेवढे एकवार सर्वांनी पाहावे.