आईचं माहेर लिहून ठेवा

ज्यांचं आडनाव सहसा ऐकू येत नाही, नव्या माणसाला दोनदा सांगावं लागतं, अशा घराण्यांत एक समजूत हमखास असते. या आडनावाचा माणूस जगात कुठंही भेटला, तरी तो आपल्याच भाऊबंदांपैकी. वंशावळ शोधायला निघालेला माणूस याच भरवशावर निघतो. जोशी-कुलकर्ण्यांच्या गर्दीत कोण कुणाचा हे कळणं कठीण. आपलं आडनाव विरळ, तेव्हा धागा लगेच हाती लागेल असं त्याला वाटतं.

इंग्लंडात हे बऱ्याच अंशी खरं ठरलं आहे. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 40 ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं आणि 2009 साली निष्कर्ष मांडले. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत एकमेकांशी रक्ताचं नातं असल्याची खूण दिसली नाही. अॅटनबरो या विरळ आडनावाचे बहुतेक पुरुष मात्र एकाच मूळ पुरुषाचे वंशज निघाले. तिकडं आडनाव कित्येक शतकं बापाकडून मुलाकडं चालत आलं आहे.

आपल्याकडं आडनावाला एवढं स्थैर्य कधी नव्हतं. जुना मोडी कागद उघडला की माणूस भेटतो तो ‘अमुक बिन तमुक, मौजे अमुक’ असा. बापाचं नाव, गाव, असलंच तर वतन. एवढ्यावर ओळख पुरी होत असे. श्रीवर्धनच्या भटांचे पेशवे झाले ते हुद्द्यामुळं. मंगेशीच्या दीनानाथांनी गावावरून मंगेशकर आडनाव घेतलं. एक भाऊ मूळ गावी राहिला, दुसरा घाट चढून वर गेला आणि नव्या गावी जुन्या गावाच्या नावानं ओळखला जाऊ लागला, की दोन पिढ्यांत सख्ख्या भावांच्या घरांची आडनावं वेगळी. मग विरळ आडनावाचा शोध मागं मागं नेला की एका टप्प्यावर ते आडनावच कागदावरून नाहीसं होतं. तिथं बरेच जण निराश होऊन थांबतात. माझ्या मते खरा शोध तिथून पुढं सुरू होतो, कारण आता गाव, कुलदैवत आणि बापाचं नाव एवढंच हाताशी उरतं आणि जुन्या दप्तरांना तेवढंच समजतं.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं पाहावीत. रोहेकर, पेणकर, चेऊलकर, झिराडकर, वाक्रुळकर. गावावरून पडलेली ही आडनावं म्हणजे त्यांचा पत्ताच. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर हेही किहीमचे. त्यांचं पुस्तक 1937 साली तेल अवीवमध्ये छापलं गेलं. 1948 नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथं जन्मलेल्या नातवंडांना मराठी येत नसलं, तरी आजोबांचं गाव त्यांच्या नावात शाबूत आहे. असा एखादा नातू गावी आला, तर त्याला आपल्याच आडनावाची हिंदू घरंही भेटू शकतात. रक्ताचा संबंध नाही. गाव मात्र एक. दळवी, चौगुले ही आडनावं तर कोकणातल्या हिंदूंमध्येही आहेत आणि मुसलमानांमध्येही. वंश शोधायला निघालेल्याला एक पूर्वज कमी मिळाला तरी असा शेजार मिळतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

कागद कुठं शोधायचे? जन्म-मृत्यूच्या नोंदींचे गाव नमुना 14 आणि कोतवाल बुक, शाळेचं जनरल रजिस्टर, नाव बदललं असेल तर शासनाचं राजपत्र. पण सगळ्यांत बोलका कागद असतो तो नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडं. लांबट वही, वर कापडाचं बासन. उपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि त्या गावाची वही काढतात. आत पणज्याच्या हातचा मोडी लेख असतो. आपलं नाव, बापाचं, आज्याचं, भावांची, मुलांची नावं. खाली शके आणि तिथी. शकात 78 मिळवले की बहुधा इसवी सन निघतो, वर्षअखेरच्या तिथींना 79 मिळवावे लागतात. कधीही न पाहिलेल्या माणसाचं अक्षर समोर येतं, त्याची वेलांटी आपल्या काकांच्या वेलांटीसारखी वाटते, आणि वही ओलांडून पुढं जाववत नाही.

या वह्यांचा आधार श्राद्ध हा आहे, आणि श्राद्धात एक गोष्ट अशी आहे की जी छापील वंशवृक्षात सहसा दिसत नाही. तीर्थश्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचा उच्चार होतो. आईचे वडील, आजोबा, पणजोबा यांनाही पिंड दिला जातो. म्हणजे निदान विधीनं तरी आईचं घराणं विसरलेलं नाही. जुने वंशवृक्ष मात्र मुलग्याखाली मुलगा लिहीत गेले. लेक सासरी गेली की तिची रेघ थांबली. सून आली तिचं माहेरचं नावच पुसलं गेलं. पुष्कळ ठिकाणी लग्नात पहिलं नावही बदललं, त्यामुळं पणजीच्या जन्माची नोंद शोधायची तर कोणत्या नावानं, हाच प्रश्न पडतो. चार पिढ्यांत आठ पणजी-पणजोबा आपल्या वाट्याला येतात. आपलं आडनाव, कितीही विरळ असलं, तरी त्यातल्या एकाच पणजोबांचं असतं. उरलेल्या सात जणांचं ऋण काही कमी नाही.

घरात आजी असेल, नसेल तर आत्या, मावशी, थोरली काकू असेल. तिला आज विचारा. तुझ्या आईचं माहेर कोणतं? माहेरी तिला काय नावानं हाक मारायचे? त्यांचं कुलदैवत कोणतं, जत्रेला कुठं जायचे? मिळेल ते वहीत लिहा आणि गावाच्या नावापुढं तालुका नक्की लिहा, कारण एकाच नावाची गावं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.