शेजार आणि अंतर

प्रवासाहून परत येणारा मनुष्य दोन प्रकारच्या वस्तु बरोबर आणतो. कांहीं जकातीच्या अधिकाऱ्यापुढें उघडून दाखवाव्या लागतात. कांहीं कोणीच उघडून पाहत नाहीं. परदेशाविषयीं बनविलेलीं मतें ह्या दुसऱ्या प्रकारांत मोडतात. त्यांची झडती घेणारें कोणी नसतें, म्हणून ती ज्याची त्यानेंच घ्यावी लागते. मलेशियाच्या प्रवासाहून आम्ही परतलों तेव्हां असेंच एक मत आमच्या सामानांत होतें, आणि त्याची झडती घेण्याचा प्रसंग घरीं पोंचल्यावर पंधरा दिवसांच्या आंतच आला. प्रश्न जुनाच आहे. निरनिराळ्या धर्मांचे, भाषांचे व रीतींचे लोक एके ठिकाणीं राहतात तेव्हां त्यांनीं एकमेकांत मिसळून जावें हें बरें, कीं सभ्य अंतर राखून शेजारीं म्हणून नांदावें हें बरें? आणि त्यांच्या नांदण्याचें कौतुक करण्याचा अधिकार, चार दिवसांसाठीं आलेल्या प्रेक्षकाला कितपत पोंचतो?

मलाक्का हें शहर सुमारें १४०० सालीं परमेश्वर नांवाच्या राजपुत्रानें वसविलें असें मानतात. सामुद्रधुनीच्या कांठचें हें बंदर मोसमी वाऱ्यांवर जगलें. एका वाऱ्यानें हिंदुस्थानाकडील गलबतें येत, दुसऱ्यानें चीनकडील. आणि वारा फिरेपर्यंत व्यापाऱ्यांना महिनोन्महिने तेथेंच थांबावें लागे. १५१० सालीं गोवें घेणाऱ्या आल्बुकर्कनें दुसऱ्याच वर्षीं मलाक्का घेतलें. १६४१ सालीं तें डच लोकांकडे गेलें, आणि १८२४ च्या तहानें इंग्रजांच्या पदरांत पडलें. पोर्तुगीजांच्या किल्ल्याचा आतां एक दरवाजा तेवढा उभा आहे. टेकडीवर सेंट पॉलच्या चर्चच्या पडक्या भिंतींत एक रिकामी कबर दाखवितात. ज्यांच्या देहाच्या दर्शनासाठीं जुन्या गोव्यांत एवढी गर्दी लोटते, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर ह्यांचा देह १५५३ सालीं कांहीं महिने ह्या कबरेंत होता. गोमंतकाशीं असलेलें हें नातें पाहून शहर आम्हांस एकदम ओळखीचें वाटूं लागलें; आणि ठिकाण ओळखीचें वाटूं लागलें, कीं मनुष्य त्याविषयीं मतें बनविण्यास मोकळा होतो.

आमचें मत जेथें बनलें ती गल्ली सोनारांच्या नांवाची आहे. मलय भाषेंत तिला जालान तुकांग एमास म्हणतात. येथें १७८१ सालचें गणपतीचें देऊळ आहे. त्याच्या जवळच १७४८ सालची मशीद आहे. तिला घुमट नाहीं. एकावर एक तीन उतरतीं छपरें आहेत, आणि मिनार पाहिला तर चिनी पागोड्याची आठवण व्हावी. चार पावलें पुढें गेलें, कीं सतराव्या शतकापासूनचें चेंग हून तेंग हें चिनी देवालय लागतें. गणपतीपुढें हात जोडून आम्ही बाहेर आलों तों शेजारून अजान ऐकूं आली, आणि पलीकडून उदबत्त्यांचा धूर वाऱ्यावर आला. आमच्या मंडळींचे डोळे भरून आले. "ह्याला म्हणतात सलोखा!" असे उद्गार आम्हीं काढले. देवळाच्या पायरीवर एक वृद्ध तमिळ गृहस्थ बसले होते. आम्हीं त्यांस विचारलें, "आपण ह्या शेजारच्या मशिदींत कधीं गेलां आहांत काय?" ते म्हणाले, "नाहीं. साठ वर्षें येथें येतों आहें. आंत जाण्याचें कारण पडलें नाहीं. भांडण्याचेंहि पडलें नाहीं."

खरें सांगावयाचें तर ह्या उत्तरानें आमचा विरस झाला. साठ वर्षांचा शेजार, आणि उंबरठा एकदांहि ओलांडलेला नाहीं! मग हा सलोखा कसला? आम्हांस त्यांच्या तोंडून बंधुभावाचीं वाक्यें हवीं होतीं. तीं मिळालीं नाहींत म्हणून आम्हीं त्या गृहस्थांसच मनांतल्या मनांत कमी लेखलें.

उंबरठे ओलांडणारे लोकहि त्या शहरांत होऊन गेले आहेत. वारा फिरण्याची वाट पाहत थांबलेल्या तमिळ व्यापाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तेथील स्त्रियांशीं विवाह केले. त्यांचे वंशज चिट्टी ह्या नांवानें ओळखले जातात. ते तमिळ विसरले आहेत, घरांत मलय बोलतात, पोषाखहि मलय पद्धतीचा करितात. आणि तरीहि शिवाची भक्ति त्यांनीं सोडलेली नाहीं. तें गणपतीचें देऊळ त्यांच्याच पूर्वजांचें. चिनी व्यापाऱ्यांच्या अशाच वंशजांना बाबा-न्योन्या म्हणतात, आणि पोर्तुगीजांच्या वंशजांची क्रिस्तांग ही मिश्र बोली अद्यापि ऐकावयास मिळते. हें मिसळणें कोणी उपदेश करून घडवून आणलें नव्हतें. दोन वाऱ्यांच्या मध्यें जी सवड मिळाली तिनें तें घडविलें.

पुढें वाफेचीं जहाजें आलीं, कथिलाच्या खाणी वाढल्या, रबराचे मळे लागले, आणि माणसें हजारांनीं आणलीं जाऊं लागलीं. चिनी मजूर खाणींत, तमिळ मजूर मळ्यांत, मलय शेतकरी आपल्या गांवीं, अशी वांटणी परक्या राज्यकर्त्यांना सोयीची होती. एकमेकांशीं गांठ पडावयाची ती बाजारांत. ब्रह्मदेश व जावा येथील अशाच समाजांचा अभ्यास करून फर्निव्हल ह्या इंग्रज पंडितानें १९४८ सालीं लिहिलें आहे, कीं असे लोक एके ठिकाणीं येतात, पण एकजीव होत नाहींत. मलाया १९५७ सालीं स्वतंत्र झाला, १९६३ सालीं त्याचा मलेशिया झाला. आणि १३ मे १९६९ ह्या दिवशीं, निवडणुकीनंतर अवघ्या तीन दिवसांनीं, क्वालालंपुरांत मलय व चिनी लोकांत भयंकर दंगल झाली. सरकारी आंकडाच १९६ मृतांचा आहे. लोकसभा स्थगित झाली ती १९७१ सालींच पुन्हां भरली. आजहि त्या देशांत मलय, चिनी व तमिळ अशा तीन माध्यमांच्या प्राथमिक शाळा वेगवेगळ्या चालतात. ज्या देशाच्या एका गल्लींत आमचे डोळे भरून आले, त्याच देशाचा हाहि इतिहास आहे. आणि तो प्रवाशाला गल्लींत उभें राहून दिसत नाहीं.

मलाक्का सोडून आम्ही अरण्य पाहण्यास गेलों. तामान नगारा हें राष्ट्रीय उद्यान ४,३४३ चौरस किलोमीटर पसरलें आहे, आणि तेथील वर्षावन जगांतील अतिप्राचीन वनांपैकीं एक समजलें जातें. ह्या वनांत वड-पिंपळाच्या कुळांतील एक वृक्ष आहे. पांखरानें टाकलेलें त्याचें बीं उंच फांदीवर रुजतें, मुळें खालीं सोडतें, आणि आधार देणाऱ्या झाडाला चोहोंकडून मिठी मारतें. कांहीं वर्षांनीं आंतलें झाड मरून कुजतें व मिठी तेवढी उभी राहते. मिसळण्याचा उपदेश करणाऱ्यांनीं हें झाड एकदां पाहून यावें. सगळ्याच मिठ्या प्रेमाच्या नसतात. लहान समाजांना मोठ्यांच्या मिठीची भीति वाटते ती उगीच नव्हे.

त्याच उद्यानांत बातेक ह्या आदिवासी लोकांच्या वस्त्या आहेत. नावाड्यानें आम्हांस अशा एका वस्तींत नेलें. एका तरुणानें फुंकनळींतून बाण मारून दाखविला, आम्हीं टाळ्या वाजविल्या. इतक्यांत पलीकडच्या झोंपडींतील एक स्त्री उठली आणि आमच्याकडे पाठ करून आंत निघून गेली. ती रागावली होती असें नव्हे. तिला आमचें पाहणें नको होतें, एवढेंच. त्या क्षणीं आमच्या प्रथम लक्षांत आलें, कीं दुसऱ्याशीं अंतर राखणें हाहि मनुष्याचा एक हक्क आहे, आणि प्रवासी तो सर्वांत आधीं विसरतो.

परतीच्या वाटेवर क्वालालंपुरानजीक केपोंग येथील वनसंशोधन संस्थेचें रान पाहिलें. तेथें कापुराचे उंच वृक्ष आहेत. आपल्याकडील भीमसेनी कापूर तो ह्याच वृक्षाचा. झाडाखालीं उभें राहून वर पाहिलें तर विलक्षण दृश्य दिसतें. प्रत्येक झाडाचा शेंडा भरगच्च पसरलेला आहे, पण तो शेजाऱ्याला टेकत नाहीं. दोन शेंड्यांच्या मध्यें हातभर फट राहते, आणि अशा फटींचें जाळें निळ्या आकाशावर नद्यांच्या नकाशासारखें दिसतें. वाऱ्यानें एकमेकांवर घासून कोवळे कोंब मोडतात म्हणून असें होतें, असें कांहीं शास्त्रज्ञ मानतात. शेजाऱ्याची सावली जाणवतांच कोंब आपली वाढ थांबवितो, असें दुसरे म्हणतात. कारण कांहींहि असो. त्या फटींतून ऊन खालीं उतरतें. आणखी एक गोष्ट आम्हांस तेथें कळली. हें रान मूळचें नव्हे. कथिलाच्या खाणींनीं उकरून टाकलेल्या जमिनीवर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून माणसांनीं तें लाविलें आहे. शंभर वर्षांपूर्वीं तेथें उजाड खड्डे होते.

त्या झाडांखालीं उभे असतां पायरीवरील वृद्ध गृहस्थांचें वाक्य आम्हांस पुन्हां आठवलें, आणि तें तितकेंसें कोरडें वाटलें नाहीं. मात्र झाडांना नीति नसते, हें येथें विसरतां नये. एकाच रानांत गळा आवळणारा वृक्षहि आहे आणि फट राखणाराहि आहे; हवा तो दाखला उचलावा अशी सोय सृष्टीनें करून ठेविली आहे. म्हणून अंतर चांगलें कीं मिसळणें चांगलें, हा निकाल झाडांकडून मिळणार नाहीं. त्यांच्याकडून फार तर एक कसोटी मिळेल. शेंडे वेगळे राहिले तरी बुंधे एकाच जमिनींत उभे आहेत. कोणीं कोणाची जागा काढून घेतलेली नाहीं. तें अंतर दोघांचें आहे.

एवढें तत्त्वज्ञान घेऊन आम्ही पुण्यास आलों. रविवारीं स्नेह्यांना छायाचित्रें दाखविलीं. देऊळ, मशीद व चिनी देवालय ह्यांच्या सान्निध्याचें रसभरित वर्णन केलें. पुढच्याच आठवड्यांत आमच्या सोसायटीची सभा होती. दुसऱ्या मजल्यावरील एका गृहस्थांस आपली जागा भाड्यानें द्यावयाची होती. येऊं घातलेलें कुटुंब नोकरदार, सुशिक्षित. पण निराळ्या धर्माचें. धर्माचें नांव सभेंत कोणींहि काढलें नाहीं. 'खाण्यापिण्याच्या संवयी', 'इमारतीचें वातावरण', 'उद्यां कोणी जबाबदारी घ्यावयाची' असे सौम्य शब्द तेवढे वापरले गेले. मत विचारलें गेलें तेव्हां बहुतेकांनीं मान हलविली. आम्हीं हलविली नाहीं. पण तोंडहि उघडलें नाहीं. चारच दिवसांनीं कळलें, कीं त्या कुटुंबानें दुसरीकडे जागा पाहिली.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. मलाक्काच्या त्या वृद्धानें मशिदीचा उंबरठा ओलांडला नव्हता, म्हणून आम्हीं त्याला कमी लेखलें होतें. परंतु मशीद तेथें नसावी असें त्याच्या साठ वर्षांत कधीं मनांत आलें नव्हतें. आमच्या इमारतींत उंबरठा ओलांडण्याचा प्रश्नच उरला नाहीं. शेजारच आम्हीं होऊं दिला नाहीं.

कोणी म्हणतील, आपल्या घरांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा हक्क ज्याला त्याला आहेच. आहे, आणि तो आम्हांसहि प्रिय आहे. आमच्या स्वयंपाकघरांत काय शिजावें, देवघरांत कोण असावा, पंक्तीला कोणास बोलवावें, हें ठरविण्यास आम्ही मुखत्यार आहों. बातेक स्त्री जशी आपल्या झोंपडीची मुखत्यार होती. पण जिना आमचा एकट्याचा नाहीं, आणि दुसऱ्याच्या घराचें दार तर मुळींच नाहीं. स्वतःचें दार लावून घेणें हें अंतर. दुसऱ्याचें दार उघडूं न देणें ही हकालपट्टी. दोन्हींना आपण एकच सभ्य नांव देतों, म्हणून आपल्याला दोन्ही सारखींच निरुपद्रवी वाटतात.

तेव्हां मिसळावें कीं अंतर राखावें, ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर आज इतकेंच आहे, कीं आधीं दुसऱ्यास उभें राहण्यास जमीन मिळूं द्यावी. ती मिळाल्यावर चिट्टी लोकांसारखें मिसळावें किंवा कापुराच्या झाडांसारखें हात राखून रहावें, हें त्या दोघांनीं आपसांत ठरवावें, कालांतरानें ठरेलहि. जमीन नाकारून वर बंधुभावावर बोलणें ह्याला मात्र कांहीं अर्थ नाहीं. परक्या गल्लींतील सलोख्याचें कौतुक करावयास पैसे लागतात ते तिकिटापुरते. स्वतःच्या जिन्यावर तोच सलोखा हवा असेल तर सभेंत एकट्यानें उभें रहावें लागतें, आणि ती किंमत आमच्यानें दिली गेली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या जागामालकांकडे गेलों आणि झाली गोष्ट बरी झाली नाहीं असें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "हें तुम्ही सभेंत बोलला असतां तर मला आधार झाला असता." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या जागेंत आतां दुसरें बिऱ्हाड आलें आहे. माणसें चांगलीं आहेत. पण जिन्यावर त्यांची भेट झाली, कीं जे आले नाहींत त्यांची आम्हांस आठवण होते.