पुरेसा उजेड

पावसाळ्यात वीज गेली, की आम्ही पाच वाट्या मांडून बसतो. प्रत्येकीत मिठाचे पाणी, तांब्याची एक पट्टी व जस्ताची एक. इ. स. १८०० मध्ये व्होल्टा यांनी जगापुढे ठेवलेल्या विद्युतघटाचे हे घरगुती रूप. एका वाटीतून एक व्होल्टही मिळत नाही. पाचही वाट्या तारेने एकीपुढे एक जोडल्या, म्हणजे सुमारे ३ व्होल्ट मागणारा पांढरा एलईडी दिवा मिणमिणू लागतो. त्या उजेडात अक्षर लागत नाही; काडेपेटी मात्र सापडते. इतके पुरे, असे आम्ही स्वतःशी म्हणतो.

ह्याच समाधानाने आम्ही पाड्यावरील एका आजींना स्वस्त सौर कंदील दिला. रॉकेलच्या चिमणीचा धूर गेला. नातवंडे अभ्यासाला बसू लागली. दोन पावसाळ्यांनंतर आतील बॅटरी थकली. उघडावा, तर सारे चिकटवलेले. कंदील परत देत आजी म्हणाल्या, "फादर, तुमच्या घरी हाच लावता का?"

आम्ही निरुत्तर झालो. आमच्या वाट्यांचा उजेड आम्हांला गोड वाटतो, कारण तासाभराने वीज येणार, हे ठाऊक असते. थोडक्यात समाधान मानणे हे व्रत खरे. पण ते स्वतःपुरते. दुसऱ्यावर लादले, की त्याचाच अन्याय होतो. वाटीतील जस्त झिजते, तेव्हाच दिवा लागतो. आजींच्या कंदिलासाठी आमचे काय झिजले होते?

बॅटरी बदलता येईल असा कंदील आता आम्ही शोधीत आहोत. त्याआधी मात्र पाड्यावर जाऊन विचारावयाचे आहे : तुम्हांला उजेड किती हवा?