डावा कोपरा आणि निष्ठेचा प्रश्न

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की परभणीत आठवडाभर एकच हिशेब चालतो, कोण कितीला गेला. त्या हिशेबाच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं: पोरं विकली गेली, संघावर निष्ठा कुणाची राहिली नाही. जिंतूर रोडवरच्या टपरीवर हे वाक्य ऐकू येतं आणि क्रीडापानांवर थोड्या सभ्य भाषेत तेच वाचायला मिळतं. ते उथळ आहेच, शिवाय अन्यायाचंही आहे, आणि त्या अन्यायाचा सगळ्यात मोठा वाटा बचावपटूंच्या पदरात पडतो.

गिरीश मारुती इर्नाक हा भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरचा डावा कोपरारक्षक. लीगमध्ये तो पाटण्याकडून खेळला, मग बंगाल, मग पुणे, मग गुजरात, पुन्हा बंगाल. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला हरवून ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला आणि १९९० पासून चालत आलेली सुवर्णांची मालिका तुटली. तो त्या संघातही होता. त्यानंतर काही आठवड्यांतच पुणेरी पलटणचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं. २०१९ ला बंगालने लीग जिंकली तेव्हा तो पुण्यात होता आणि २०२४ च्या मार्चमध्ये पुण्याने जिंकली तेव्हा तो पुण्यात नव्हता. टपरीवरच्या हिशेबात अशा कारकिर्दीपुढे शून्य लागतं.

मॅट आल्यामुळे खेळ मेला म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही. पैशाने खेळाडू बिघडले म्हणणाऱ्यांनी २०१४ ला लीग सुरू होण्यापूर्वीच्या खेळाडूंचे हाल एकदा विचारून घ्यावेत. निष्ठेच्या आक्षेपाला मात्र मी सहज सोडणार नाही, कारण तो नैतिकतेचा आव आणतो.

आक्षेप घेणारे म्हणतात, पूर्वीचा खेळाडू आयुष्यभर एका मंडळाचा किंवा एका कंपनीचा असे. खरं आहे. पण एअर इंडिया, महिंद्र, भारत पेट्रोलियम, रेल्वे यांच्या संघांतून खेळणाऱ्याला ती संस्था नोकरी देत होती. गुडघा गेला तरी महिन्याचा पगार चुकत नव्हता. त्या निष्ठेला दोन्ही बाजूंनी टेकू होता. आज फ्रँचायझी हंगामापुरता करार करते, कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं याची यादी तीच काढते, आणि ज्याचं नाव त्या यादीत नसतं तो लिलावात उभा राहतो. सोडणारा एक आणि बेइमान दुसरा, असा हा न्याय आहे. अमेरिकी फुटबॉलमध्येही बचावफळीतले कितीतरी खेळाडू पाच-सहा शहरं फिरतात, कारण तिथल्या बहुतेक करारांत पूर्ण रकमेची हमी नसते. संघ बदलणं हा त्यांच्या स्वभावाचा दोष आहे असं म्हणण्याआधी करार कुणी लिहिला हे बघावं लागतं.

आणि पूर्वीचा काळ तरी इतका सोवळा होता का? आपल्याच जिल्ह्यातल्या जत्रांच्या सामन्यांत बक्षिसाची रक्कम मोठी असली की बाहेरगावचे दोन-तीन तगडे गडी रात्रीपुरते आणले जायचे, अजूनही आणले जातात. गाव त्यांच्या नावाने शिट्ट्या मारतं. सकाळी ते कुठे गेले याची चौकशी कुणी करत नाही. गंगाखेड-सोनपेठ भागातला ऊसतोड कामगार एका वर्षी एका कारखान्याला ऊस तोडतो, पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाची उचल घेऊन दुसरीकडे जातो. त्याला कारखान्याशी बेइमान म्हणायला आपली जीभ रेटत नाही, कारण त्याची बांधिलकी कोयत्याशी आणि कुटुंबाशी आहे हे आपल्याला दिसतं. खेळाडूच्या बाबतीत तेवढं दिसायला काय हरकत आहे?

माझ्या मते संघाशी निष्ठा आणि जागेशी निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खेळाडूच्या हातात नसते, दुसरी पूर्णपणे त्याच्याच हातात असते. इर्नाकने संघ बदलले, डावा कोपरा सोडला नाही. ही जागा म्हणजे काय हे एकदा जवळून बघावं. चढाई सुरू झाली की कोपरारक्षक रेषेजवळ पाय रोवून वाकतो, आतला हात शेजारच्या मध्यरक्षकाच्या हातात असतो. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो त्या क्षणी वजन त्याच्या एका पायावर येतं, आणि घोटा धरायला तेवढीच संधी असते. कोपरा आधी सुटला तर चढाईपटू हात लावून निसटतो. कोपऱ्याने घोटा धरला आणि शेजारी अर्धा क्षण उशिरा आला, तर चढाईपटू त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो. म्हणून शेजाऱ्याचा हात दाबला जातो, सैल सोडला जातो, आणि त्या दाबातून ‘आता’ आणि ‘थांब’ कळतं. हात धरलेल्या अशा प्रत्येक साखळीचा दाब वेगळा असतो. चढाईपटू नव्या संघात आपले पाय घेऊन जातो. बचावपटूला मात्र तिथे नवा शेजारी शिकावा लागतो, आणि संघ बदलला की पुन्हा पहिल्यापासून. दहा-बारा वर्षं हे करत राहणाऱ्याला मी स्थिर माणूस म्हणेन.

गुणफलकाला यातलं फारसं दिसत नाही. एका चढाईत तीन-चार गुण येऊ शकतात. पकडीचा गुण एक, मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना अव्वल पकड झाली तरच दोन. तोही एकाच्याच नावावर जमा होतो. साखळीतल्या दुसऱ्याने खांद्याने अडवलं त्याची नोंद होत नाही. परदीप नरवालच्या नावावर चढाईचे १,५०० हून अधिक गुण आहेत आणि पकडीचे ५०० गुण सर्वांत आधी ओलांडणारा फजल अत्राचली लीगचा महान बचावपटू मानला जातो. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याला कबड्डी कळलेली नाही.

आता मोहम्मदरझा शादलूचं बघा. हाही डावा कोपरा. पाटण्याहून पुण्याला २ कोटी ३५ लाखांत आला, २०२४ ला विजेता झाला. लगेच हरियाणाला गेला, त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा विजेता. मग गुजरात. चार शर्ट बदलले, पण त्याच्या निष्ठेबद्दल चकार शब्द निघत नाही; त्याच्या फिरण्याला आपण मागणी म्हणतो. मधल्या बोलीवर जाणारा महाराष्ट्राचा बचावपटू फिरला की मात्र आपल्याला निष्ठा आठवते. म्हणजे आक्षेप निष्ठेचा कधी नव्हताच, किमतीचा होता.

याचा परिणाम आपल्या मैदानांवर होतो, म्हणून मला त्याची चिंता आहे. सेलू, मानवत, पालमच्या पोरांना विचारा, दहातल्या नवांना चढाईच करायची असते. शिक्षकही चपळ पोराला चढाईला पाठवतात आणि उरलेल्याला कोपऱ्यात उभं करतात. घोटापकड शिकायला काही वर्षं जातात, आणि ती शिकणाऱ्या मुलासमोर आपण ठेवतो काय, तर विकला गेलेला, लीगची ट्रॉफी नसलेला माणूस. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत पकडीला साथ देणाऱ्याची वेगळी नोंद ठेवायला एक वही आणि एक माणूस लागतो. ती नोंद परभणीने सुरू करावी, आणि कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलाला इर्नाकच्या जुन्या सामन्यांतल्या पकडी दाखवाव्यात, अंगावर शर्ट कोणत्या संघाचा आहे ते न बघता.