चवीचं मीठ, राखणीचं मीठ

उन्हाळा लागला, सातारा-सांगलीकडे अंगणात मिरच्या पसरल्या, की मोबाइलवर दरवर्षी तोच वाद नव्याने रंगतो. एकीकडे झटपट, कमी तेलाचा, कमी मिठाचा कांदा-लसूण मसाला. दुसरीकडे मूळ चव बिघडवल्याचा संताप. सूर असा, की पाककृती बदलावी की बदलू नये एवढाच काय तो प्रश्न. मूळ चवीच्या कैवाऱ्यांशी फार वेळ घालवायला नको. ज्या मिरचीवर हा मसाला उभा आहे ती आणि ज्याचं कूट भाजीत पडतं तो भुईमूग, दोन्ही समुद्रापलीकडून आलेली. बदल होतच आले आहेत. पण बदलताना नेमकं काय बदललं, हे कुणी विचारत नाही. पाककृतीतली काही प्रमाणं आणि काही पायऱ्या चवीसाठी असतात. काही राखणीसाठी, म्हणजे पदार्थ नासू नये आणि खाणाऱ्याला बाधू नये म्हणून. चवीच्या पायऱ्या ज्याने त्याने खुशाल बदलाव्यात. राखणीची पायरी गाळायची असेल, तर तिचं काम करणारी दुसरी पायरी घालावी लागते. अडचण अशी की कागदावर दोन्ही एकाखाली एक, एकाच सुरात लिहिलेल्या असतात.

हाच मसाला घ्या. संकेश्वरी किती, ब्याडगी किती, लवंगी घालायची की नाही, तीळ-खोबरं कमी की जास्त, हा घराघराचा मामला. पण कांदा उभा चिरून उन्हात वाळवायचा, मग तेलात कुरकुरीत तळायचा; मिरची कडकडीत वाळलेली हवी; डंकावर न्यायच्या आधी सगळं पूर्ण निवलेलं हवं. या पायऱ्यांनी चवही येते, पण त्यांचं मुख्य काम पाणी घालवणं हे आहे. ओलावा गेला की जिवाणूंना वाढता येत नाही, बुरशीलाही अवघड जातं. जे थोडं पाणी उरतं ते मीठ धरून ठेवतं. म्हणून बरणी वर्षभर चालते. झटपट प्रकारात ओला कांदा नुसता परततात आणि कच्च्या लसणासकट तेलात मिक्सरला फिरवतात. चवीला तो कदाचित सरसही लागेल. लसूण मातीतून येतो आणि त्याच्यासोबत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू येऊ शकतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत. ओलावा आहे, आंबटपणा नाही, वर तेल असल्यामुळे हवा नाही: त्यांना हवं ते सगळं त्या बाटलीत मिळतं. आणि तयार होणारं विष वासावरून वा चवीवरून कळेलच असं नाही. जुन्या मसाल्यातही लसूण असतोच, पण तो कोरड्या, खारट चुऱ्यात असतो. नवा प्रकार करू नये असं नव्हे. ते फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवायचं ओलं वाटण आहे, एवढं सांगून करावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आजी कुठे मोजत होती? सगळं अंदाजाने करायची, काय झालं? हे उत्तर इतक्या प्रेमाने दिलं जातं की त्याची चिरफाड करणं उद्धटपणाचं वाटतं. तरी ती करायला हवी, कारण सगळा गोंधळ इथेच आहे. आजीचा अंदाज चालायचा तो चवीत. राखणीत तिच्याइतकं काटेकोर कुणी नव्हतं. मिरची हातात हलवून बी खुळखुळतं का ते ऐकायचं, कांदा मोडून बघायचा, बरणी उन्हात तापवायची, ओला चमचा आत घातला तर सुनेची खैर नाही. हे मोजमापच होतं. फक्त आकड्यात नव्हतं. शिवाय तिचा अंदाज एका जागी बांधलेला होता: माण-खटावचं कोरडं ऊन, तीच चिनीमातीची बरणी, तीच चूल. तोच अंदाज मुंबईच्या दमट फ्लॅटमध्ये, उन्हाऐवजी पंख्याखाली नेला की त्याच्या पायाखालची जमीनच गेली. आणि ‘काय झालं’ याचा हिशेब ठेवला कुणी? पोट बिघडलं तर हवा बदलली, पाणी बाधलं, नाहीतर दृष्ट लागली. आजीचं नाव घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिची सैल मूठ हवी असते. तिचं वाळवण घालणं नको असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आता फ्रिज आहे, रक्तदाबाचे रुग्ण घरोघर आहेत, मग लोणच्यात जुन्या काळाइतकं मीठ कशाला? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, तेव्हा तक्रार रास्त आहे. पण मिठाच्याच भरवशावर टिकणाऱ्या लोणच्यात ते किमान 12 टक्के असावं, असा अन्नसुरक्षेचा भारतीय नियम आहे, आणि ते 12 टक्के जिभेला विचारून ठरलेले नाहीत. मीठ निम्मं करून बरणी फडताळातच ठेवली, तर राखण निम्मी झाली आणि बदल्यात काहीच आलं नाही. तीच बरणी फ्रिजमध्ये ठेवली, थोडी केली, लवकर संपवली, तर राखण मिठाकडून थंडीकडे गेली. त्याला हरकत नाही. (वीज रात्र-रात्र जाणाऱ्या गावात मात्र थंडी ही बेभरवशाची राखणदार.) आणि रक्तदाबासाठी सर्वात साधा उपाय म्हणजे लोणचं आहे तसंच घालून ताटात एकच फोड वाढणं.

मग सगळं ग्रॅममध्ये मोजा म्हणणाऱ्यांची बाजू मी घेतो आहे का? नाही; आकडाही आंधळा असू शकतो. सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं आणि नवशिक्यांचा स्वयंपाक सुधारला, हे ऋण मोठं. पण मापामागचं कारण मापासोबत आपोआप जात नाही. जॅमचं उदाहरण बोलकं आहे. पुस्तकं सांगतात, पाक 105 अंशांवर आला की जॅम झाला. खरी खूण अशी की पाण्याच्या उकळीपेक्षा साधारण पाच अंश वर जायचं. तिथे साखर आणि फळ मिळून घन भाग 65 टक्क्यांच्या पुढे जातो आणि जॅम टिकतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटरवरच्या महाबळेश्वरात पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. तिथल्या स्ट्रॉबेरीचा जॅम तिथेच 105पर्यंत तापवत बसलात, तर काळपट, चिवट गोळा हाती येईल; तिथे 100च्या आसपास थांबायला हवं. इथे आकडा बदलणं हाच नियम पाळणं आहे. उलट साखर अर्धी करून तोच जॅम कपाटात ठेवणाऱ्याने आकडा आणि नियम दोन्ही सोडले.

राहता राहिलं ‘एवढी भीती कशाला’. बोटुलिझम आपल्याकडे क्वचितच ऐकू येतो, हे मान्य. पण तो क्वचित असण्यामागे आपल्या सवयी आहेत: ताजं करायचं, गरम खायचं, साठवायचं ते खारट, आंबट किंवा खडखडीत वाळलेलं. सुधारणेच्या नावाने नेमक्या याच सवयी गळत असतील, तर जुन्या सुरक्षिततेचा दाखला नव्या पदार्थाला लागू होत नाही. शिवाय सगळ्या धोक्यांना परदेशी नाव नसतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. तो राजम्याच्याच जातीचा, आणि त्याच्या कच्च्या दाण्यात उलट्या-जुलाब घडवणारं प्रथिन असतं. भिजवून, पाणी फेकून, किमान दहा मिनिटं खळखळ उकळलं की ते निकामी होतं. आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या हे काम मुकाट्याने करतात, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. तोच घेवडा परदेशातल्या मराठी घरात विजेच्या स्लो कुकरमध्ये मंद आचेवर रात्रभर ठेवला, आणि तापमान 80 अंशांच्या वर गेलंच नाही, तर दाणा मऊ होतो पण प्रथिन शाबूत राहतं. असल्या पाककृतीत कांदा-लसूण मसाला मिळाला नाही तर गरम मसाला चालेल, चिंच नसेल तर आमसूल टाका, हे लिहायला कुणी विसरत नाही. आधीच्या दहा मिनिटांच्या उकळीची ओळ तेवढी गाळलेली असते.