वेळ नसलेल्या आईचा धर्माभ्यास



‘आपली श्रद्धा आणखी समजून घ्यावी असे फार वाटते, पण वेळ कुठे मिळतो?’ मिस्सेनंतर चर्चच्या आवारात, प्रार्थनासभा संपल्यावर चपला घालता घालता कितीतरी आया हे बोलून दाखवतात. त्यात खोटे काहीच नसते. पहाटे उठून डबे भरायचे, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, स्वतः लोकल गाठायची. संध्याकाळी परतताना भाजी, मग मुलांचा गृहपाठ, सासूबाईंची औषधे, उद्याची कणीक. अशा दिवसात ग्रंथ उघडून बसायला तास कुठून आणायचा?

आज याच प्रश्नावर थोडे चिंतन करूया. हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. घरातल्या श्रद्धेचे पुढच्या पिढीत काय होणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

आठव्या वर्षीचा झगा

आपल्यापैकी बहुतेकांचे धर्मशिक्षण प्रथम कम्युनियनच्या वेळी झाले. सात-आठ वर्षांचे वय. दहा आज्ञा पाठ केल्या, सात संस्कारांची नावे पाठ केली, प्रार्थना पाठ केल्या. काहीजणींनी दृढीकरण संस्कारापर्यंत वर्गाला हजेरी लावली. त्यानंतर शाळा झाली, कॉलेज झाले, नोकरी लागली. बँकेचे व्यवहार कळू लागले, मुलांच्या तापावर काय करायचे ते कळू लागले. सगळे ज्ञान वयाबरोबर वाढले. श्रद्धेचे ज्ञान मात्र आठव्या वर्षीच थांबले.

प्रथम कम्युनियनचा पांढरा झगा आई कपाटात जपून ठेवते. तो पाहून डोळे भरून येतात. पण चाळिसाव्या वर्षी तो अंगात चढत नाही. लहानपणी शिकलेल्या धर्माचेही तसेच आहे. तो खरा असतो, प्रिय असतो, पण मोठ्या माणसाच्या मोठ्या प्रश्नांना तो पुरत नाही.

ही उणीव रोज जाणवत नाही. चौदा वर्षांचा मुलगा रविवारी सकाळी पांघरुणातूनच विचारतो, ‘आई, दर रविवारी मिस्सेला का जायचे?’ तेव्हा ती जाणवते. कार्यालयातली मैत्रीण सहज म्हणते, ‘तुम्ही मरियामातेला देव मानता ना?’ तेव्हा ती जाणवते. आणि घरात कुणाचा मृत्यू होतो, तेव्हा ती सर्वांत जास्त जाणवते. त्या क्षणी पुस्तक शोधायला उसंत नसते. आधी मनात साठवलेले तेवढेच हाताशी येते.

मार्था काय शिकली होती

व्यस्त गृहिणीची गोष्ट निघाली की संत लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आठवते. प्रभू येशू तिच्या घरी आले. तिची बहीण मरिया त्यांच्या चरणांशी बसून ऐकत राहिली आणि मार्था पाहुणचारात गुंतून गेली. शेवटी तिने तक्रार केली. प्रभूंनी तिला प्रेमाने समजावले की ती पुष्कळ गोष्टींची काळजी वाहते आहे, आणि मरियेने उत्तम वाटा निवडला आहे. हा उतारा ऐकताना अनेक आया मनातून खट्टू होतात. ‘सगळ्यांनीच चरणांशी बसायचे ठरवले तर भात कोण शिजवणार?’ असा विचार मनात येतो.

पण मार्थेची गोष्ट तिथे संपत नाही. संत योहानच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय उघडा. भाऊ लाजर वारला आहे, चार दिवस झाले आहेत. प्रभू येत आहेत हे कळताच मार्था गावाबाहेर त्यांना भेटायला धावते. आधी मनातले गाऱ्हाणे मांडते: आपण इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. प्रभू म्हणतात की तुझा भाऊ पुन्हा उठेल. तेव्हा मार्था उत्तर देते की शेवटच्या दिवशी पुनरुत्थान होईल तेव्हा तो उठेल, हे मला ठाऊक आहे.

भगिनींनो, ‘मला ठाऊक आहे’ या शब्दांवर थोडे थांबूया. हे ज्ञान तिला त्या दुःखाच्या दिवशी मिळालेले नव्हते. ते आधीच कानावर पडले होते, मनात राहिले होते. त्या ज्ञानाचा हात धरून प्रभूंनी तिला पुढे नेले: पुनरुत्थान मीच आहे, तुझा यावर विश्वास आहे काय? आणि स्वयंपाकघरातल्या या बाईने, प्रभू हे ख्रिस्त आहेत, देवाचे पुत्र आहेत, असा स्पष्ट अंगीकार केला. संत पेत्राच्या अंगीकाराशेजारी ठेवावा असा हा अंगीकार एका गृहिणीच्या तोंडून आला.

पुढच्याच अध्यायात बेथानीत पुन्हा जेवण आहे, आणि शुभवर्तमान नोंदवते की मार्था वाढत होती. म्हणजे काम सुटले नाही. प्रभूंनी तिला कामावरून उठवले नाही. त्यांनी तिची घालमेल शांत केली. 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 29 जुलै हा दिवस मार्था, मरिया आणि लाजर या तिघा भावंडांचा सण म्हणून एकत्र साजरा करण्यास मान्यता दिली. एकाच घरात सेवा आणि श्रवण दोन्ही नांदू शकतात, याची ही दरवर्षीची आठवण आहे.

तोंडी असलेल्या शब्दांपासून सुरुवात

मग सुरुवात कुठून करायची? जे आधीच ओठांवर आहे तिथून.

‘नमो मरिया’ ही प्रार्थना आपण आयुष्यात हजारो वेळा म्हटली आहे. तिचे शब्द कुठून आले? पहिला भाग संत लूकच्या पहिल्या अध्यायातून आला. सुरुवातीचे अभिवादन गाब्रिएल देवदूताचे आहे. त्यानंतरचा आशीर्वाद अलिशिबेचा आहे. अलिशिबा उतारवयात गरोदर आहे, मरिया डोंगराळ प्रदेशातून चालत तिच्या घरी आली आहे, आणि उंबऱ्याशी दोघी भेटतात. आपण रोज उच्चारतो ते शब्द दोन गरोदर स्त्रियांच्या घरगुती भेटीत जन्मले! त्यांना मंदिर लागले नाही, सभा लागली नाही.

आणि प्रार्थनेचा दुसरा भाग काय मागतो? मरियेने आपल्यासाठी देवाकडे विनंती करावी, एवढेच. कार्यालयातल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आराधना एका परमेश्वराचीच. मरियामातेचा आपण सन्मान करतो आणि तिला आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो, जसे शेजारणीला सांगतो की माझ्या मुलाची परीक्षा आहे, आठवण ठेव. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पायी जाणारी भाविक माउलीही हे इतक्या सोप्या शब्दांत सांगू शकते.

रविवारच्या प्रश्नाचेही तसेच. प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी पुनरुत्थित झाले, म्हणून प्रेषितांच्या काळापासून ख्रिस्ती लोक त्या दिवशी भाकर मोडण्यासाठी एकत्र येत आले. ‘बाळा, तो जिवंत आहे आणि त्याने आपल्याला जेवायला बोलावले आहे, म्हणून जायचे.’ एवढे उत्तर चौदा वर्षांच्या मुलाला पुरेल असे नाही. पण त्याच्याशी बोलणे सुरू होईल. आणि त्याने पुढचा प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर ‘मला माहीत नाही, आपण दोघे शोधू’ असे म्हणण्यात आईची मान खाली जात नाही. आई अजून शिकते आहे, हे मुलाने पाहणे हेही धर्मशिक्षणच आहे.

दहा मिनिटांची साधना

आता थोडे व्यवहाराचे बोलूया. मोठे संकल्प आठवडाभरात मोडतात. लहान नेम वर्षभर टिकतात.

पहिला नेम: शनिवारी रात्री उद्याचे शुभवर्तमान घरात मोठ्याने वाचा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. ख्रिस्तसभेने रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात लावली आहेत. एक वर्ष संत मत्तय, एक वर्ष संत मार्क, एक वर्ष संत लूक. संत योहानचे शुभवर्तमान विशेषतः प्रायश्चित्तकाळात आणि पुनरुत्थानकाळात ऐकायला मिळते. म्हणजे जी आई रविवारची मिस्सा लक्षपूर्वक ऐकते, ती तीन वर्षांत चारही शुभवर्तमानांच्या सहवासात राहते. आदल्या रात्री वाचलेले दुसऱ्या दिवशी अधिक खोल उतरते, कडेवरचे मूल रडत असले तरी!

दुसरा नेम: रोज एक प्रश्न. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी 1992 मध्ये कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे चार भाग आहेत: आपण काय मानतो, संस्कारांत काय साजरे करतो, कसे जगतो आणि कशी प्रार्थना करतो. त्याचाच संक्षेप 2005 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी दिला. त्यात 598 प्रश्नोत्तरे आहेत आणि बरीचशी चार-पाच ओळींची आहेत. रोज एक वाचले तर साधारण एक वर्ष आठ महिन्यांत संपूर्ण धर्मशिक्षण डोळ्यांखालून जाते. लोकलमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, कुकरची शिट्टी होईपर्यंत एक प्रश्न सहज होतो.

तिसरा नेम: हात कामात, मन प्रभूपाशी. जपमाळेची वीस रहस्ये ही ख्रिस्ताच्या आणि त्याच्या मातेच्या जीवनातील प्रसंगांची मालिका आहे. पोळ्या लाटताना एकाच रहस्याचे दशक म्हणा आणि तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आपल्या मातीला ही रीत नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. इंग्लंडहून आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने पुराणाची मांडणी आणि ओवीचा छंद निवडला, कारण ख्रिस्ताची कथा लोकांच्या कानात आणि जिभेवर बसायला हवी होती. ओवी म्हटली की आपल्याकडे जातेही आठवते. दळता दळता देवाचे नाव घेणाऱ्या आयांच्या या भूमीत स्वयंपाकघर हे प्रार्थनेला परके कधीच नव्हते.

एक सावधगिरीही हवी. ‘ही प्रार्थना अकरा जणांना पाठवा, नाहीतर वाईट होईल’ असे संदेश मोबाइलवर येतात आणि काळजीपोटी आया ते पुढे पाठवतात. ख्रिस्तसभा अंधश्रद्धेला पहिल्या आज्ञेविरुद्धचे पाप मानते. देव संदेशांची मोजणी करून कुणाच्या लेकरावर राग काढत नाही. श्रद्धेचा थोडासा अभ्यासही अशा भीतीतून आपल्याला सोडवतो.

लेस विणणारी आई

फ्रान्समधील आलाँसों गावी झेली मार्टिन नावाची आई राहत होती. तिथल्या प्रसिद्ध लेसचा तिचा स्वतःचा व्यवसाय होता. ऑर्डरी घ्यायच्या, कामगार स्त्रियांकडून काम करून घ्यायचे, तुकडे जोडायचे. तिला नऊ मुले झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. तिची पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत थकवा आहे, धंद्याची चिंता आहे, मुलांची आजारपणे आहेत, आणि त्या सगळ्याच्या मधोमध देव आहे. पती लुई यांच्यासह पहाटेच्या मिस्सेला जायचा तिचा नेम होता. 1877 मध्ये कर्करोगाने ती वारली तेव्हा धाकटी तेरेज अवघी चार वर्षांची होती. तीच पुढे बालयेशूची संत तेरेजा झाली आणि 1997 मध्ये ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद दिले. 2015 मध्ये लुई आणि झेली यांना एकत्र संतपद मिळाले.

ज्या मुलीकडून पुढे सारी ख्रिस्तसभा शिकली, तिला आईकडून मिळाली ती फक्त साडेचार वर्षे, आणि तीही कामाच्या रगाड्यातली. आपल्या धावपळीत लेकरांच्या पदरात काय पडते, याचा हिशेब आपल्याला आज लागत नाही. देवाला तो लागतो.

बाप्तिस्म्याच्या दिवशीचा शब्द

शेवटी तो दिवस आठवूया, ज्या दिवशी तान्हे मूल कडेवर घेऊन आपण बाप्तिस्म्यासाठी उभे होतो. या बाळाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी समजली आहे काय, असे धर्मगुरूंनी विचारले आणि आपण होकार दिला. तो प्रश्न आई आणि वडील दोघांना होता. म्हणून बंधूंनो, हे चिंतन तुमच्यासाठीही आहे. घरातली आई दहा मिनिटे वाचायला बसली, तर ती दहा मिनिटे भांड्यांना हात लावणे हेही प्रभूचेच काम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले; त्या ख्रिस्तसभेची सेवा एकट्या आईच्या खांद्यावर ठेवता येणार नाही.

आणि वाचलेले सगळे लगेच समजले नाही, तर घाबरू नका. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला आणि काही बोलला, तेव्हा मरिया आणि योसेफ यांनाही ते उमगले नव्हते. मरियेने ते अंतःकरणात जपून ठेवले आणि नासरेथला जाऊन पुन्हा घरकामाला लागली. अर्थ हळूहळू उलगडत गेला, थेट क्रुसाच्या पायथ्यापर्यंत.

येत्या शनिवारी रात्री जेवणानंतर भांडी तशीच ठेवून पाच मिनिटे सगळ्यांनी एकत्र बसा. शुभवर्तमान उघडा. धाकट्याला वाचू द्या, अडखळला तरी चालेल. मग एकच प्रश्न विचारा: ‘यातले काय समजले नाही?’ तिथून पुढे पवित्र आत्मा वाट दाखवील.

हे प्रभू येशू, मार्थेच्या घरी तू जेवलास, तिचे गाऱ्हाणे ऐकलेस आणि तिला श्रद्धेचे शब्द दिलेस. आमच्या घरीही ये. आमच्या थकलेल्या आयांना विसावा दे, त्यांच्या मनाला तुझी ओढ दे, आणि त्यांनी आज वेचलेला एकेक कण त्यांच्या लेकरांच्या आयुष्यात भाकर होऊ दे. आमेन.