उसना नकार

व्हेटो हा शब्द आपल्याकडं वर्तमानपत्रातून आला आणि तिथंच राहिला. न्यूयॉर्कात पाच बडी राष्ट्रं बसतात. त्यातलं एक 'नाही' म्हणालं की बाकी सगळ्यांचं 'हो' मातीत. देवळाली प्रवरेतल्या कार्यकर्त्याला त्याचं काय? गायरानावरच्या झोपडीला नोटीस आली तर तो तलाठ्याकडं पळेल, सुरक्षा परिषदेकडं नाही. कबूल. पण वसाहत हा शब्द आपण तीन जागी वापरतो. पोर्तुगीजांची गोव्यातली वसाहत, पॅलेस्टाईनच्या जमिनीवरची इस्रायली वसाहत, आणि गावाबाहेरची आपली वसाहत. तिन्हीकडं भांडण हेच, की या जमिनीवर कोण राहणार आणि त्याला 'नाही' म्हणायचा हक्क कुणाचा.

गोव्यापासून सुरू करू, कारण तिथं व्हेटो आपल्या बाजूनं पडला. १८ डिसेंबर १९६१. भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि पोर्तुगाल सुरक्षा परिषदेत धावला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला : लढाई थांबवा, भारतानं फौजा मागं घ्याव्यात. बाजूनं सात मतं, विरुद्ध चार. परिषद तेव्हा अकरा जणांची होती, सात मतांनी ठराव पास झाला असता. पण विरुद्धच्या चारांत सोव्हिएत युनियन होतं. ठराव मेला. उरलेले तिघं सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. म्हणजे वसाहतवादाचे चटके ज्यांना ठाऊक होते त्यांचा हात वर गेला, पण त्यांच्या हाताला वजन नव्हतं. अमेरिकेचे स्टीव्हन्सन यांना या संघटनेचं मरण दिसायला लागलं. साडेचारशे वर्षं गोवा दुसऱ्याच्या टाचेखाली होता तेव्हा कुणाला काही मेलेलं दिसलं नव्हतं!

पोर्तुगालची तर आणखी एक गंमत. १९५१ साली त्यांनी घटना दुरुस्त केली आणि वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला लागले. नाव बदललं की रोग गेला. आपल्यालाही एकानं असंच गोंडस नाव दिलं होतं. महारवाडा होता तिथंच राहिला.

आता आपली पोरं म्हणतील, मग व्हेटो चांगला की! थांबा. ज्या हातानं गोवा वाचवला, त्याच हातानं नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीतून रणगाडे मागं घ्या म्हणणारा ठराव मारला होता. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये इस्रायलच्या वसाहती बेकायदा आहेत असं म्हणणाऱ्या ठरावाला पंधरापैकी चौदांनी मत दिलं, भारतही त्यात होता. अमेरिकेनं एकटीनं तो पाडला. डिसेंबर २०१६ मध्ये तिनं हात खाली ठेवला, तेव्हा तशाच आशयाचा ठराव चौदा विरुद्ध शून्यानं मंजूर झाला. वसाहती उठल्या का? वाढल्या. जुलै २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही हा ताबा बेकायदा आहे असं मत दिलं. मताला पोलीस नसतो.

मग काय, नकाराचा हक्कच वाईट? इथं आंबेडकरी माणसानं जपून बोलायला पाहिजे. कारण नकार आपणही मागितला आहे. १९३२ चे स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे दुसरं काय होतं? आमचा माणूस आम्ही निवडू, तुम्ही लादायचा नाही. २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण सुरू झालं आणि २४ तारखेला करार झाला. ते उपोषणही व्हेटोच. दोन्ही नकारच, मग फरक कशात? एक नकार म्हणतो, माझ्यावर काही लादू नका. दुसरा म्हणतो, त्यानं स्वतःसाठी जे मिळवलं ते त्याला मिळता कामा नये. पहिला ढालीसारखा, दुसरा काठीसारखा. मला ही कसोटी बहुमताच्या कसोटीपेक्षा खरी वाटते. बहुमतावर सोडलं तर प्रत्येक गावात आपण संपलो. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला, आणि मराठवाड्यातल्या गावांनी आपली घरं जाळून त्याला व्हेटो लावला. नामांतर व्हायला, तेही विस्तार म्हणून, १४ जानेवारी १९९४ उजाडला. बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९४२ च्या नागपूर परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला, आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पडीक सरकारी जमीन त्यासाठी मागितली, ती वसवायला स्वतंत्र आयोग मागितला. कुणाचं काही हिसकावून घ्यायचं नव्हतं. गावाच्या लाथेबाहेर उभं राहायला जागा पाहिजे होती.

ही कसोटी आपल्यालाही टोचते. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात कौल घेतला. महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं? वेगळं राहायला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. मराठी मुलखाला हे फार लागलं. पण तो नकार ढालीचा होता. १९६१ च्या व्हेटोच्या वेळी गोव्याच्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. इथं विचारलं.

कुणी म्हणेल, इस्रायली वसाहतवालाही म्हणतो, मला उठवू नका, माझ्यावर लादू नका. आणि तुम्ही गायरानवालेही तेच म्हणता, मग तुम्हीही अतिक्रमणवालेच. हा टोमणा आपण चावडीवर ऐकतो, उत्तर तयार पाहिजे. तो तिथं ताबा घेणाऱ्या फौजेच्या पाठीमागून आला. १९४९ चा चौथा जिनिव्हा करार सांगतो, ताबा घेणाऱ्यानं आपली माणसं त्या मुलखात वसवायची नाहीत. गायरानावरचा माणूस त्याच गावचा, पिढ्यान्‌पिढ्या गावकी केलेला, आणि फौजफाटा त्याला उठवायला येतो. फक्त एक गोष्ट लपवू नका. गायरानावर मेंढपाळाचीही मेंढरं चरतात, आणि तोही आपल्यासारखाच भूमिहीन आहे. त्याच्याशी बसून बोलल्याशिवाय आपली ढाल त्याच्या पाठीवर काठी होईल.

आता शेवटचा मुद्दा, आणि मला तोच जास्त सतावतो. गोव्यातला व्हेटो आपला नव्हता, उसना होता. उसनं फेडावं लागतं. काश्मीरवर १९५७ ला आणि १९६२ ला पुन्हा तोच हात उपयोगी पडला. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानवर मत द्यायची वेळ आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर. दोन्ही वेळा भारत तटस्थ. दुसऱ्याच्या घरात फौजा शिरल्या आणि आपण तोंडात मिठाची गुळणी धरली. त्याला कारणं अनेक असतील, पण जुनं देणंही त्यात आहेच.

आपल्या भागातही हेच चालतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, नोटिसा निघाल्या. दोन लाखांहून जास्त घरांचा प्रश्न होता. लगेच पुढारी दारात, 'मी स्थगिती आणतो, काळजी करू नका.' स्थगिती म्हणजे उसना नकार. निवडणुकीत फेडायचा, आणि पुढं गावात कुणाला मारलं तरी गप्प बसून फेडायचा. स्थगिती मिळत असेल तर घ्या, लेकराबाळांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे. पण तिच्यावर झोपू नका.

आपला स्वतःचा नकार कागदात आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली, भूमिहीनांनी कसण्यासाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायला सांगितली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालानं गायरानं मोकळी करायला सांगितली, पण शासनाच्या अधिसूचनेनं भूमिहीन मजूर आणि दलित-आदिवासींना जमीन दिली असेल तर तो अपवाद ठेवला. तेव्हा या आठवड्यात तलाठ्याकडं जाऊन गाव नमुना १-ई बघा. अतिक्रमणाची नोंद त्यात असते. आपल्या माणसाचं नाव आहे का, कुठल्या सालापासून आहे, दंडाच्या पावत्या म्हातारीच्या ट्रंकेत आहेत का. नाव नसेल तर अर्ज लिहून द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.